जुना प्लेस्टेशन २ पुन्हा सुरू करताना: आवडती डिस्क सर्वांत शेवटी

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून प्लेस्टेशन २ या गेम कन्सोलचे खोके खाली येते, तासाभरात ते टीव्हीला जोडले जाते आणि सर्वांत लाडका गेम सर्वांत आधी आत सरकवला जातो. पडद्यावर लाल रंग आणि डिस्क ओळखता येत नसल्याचा संदेश दिसला की लेन्स गेली असा निष्कर्ष निघतो, स्क्रू ड्रायव्हर बाहेर येतो आणि संध्याकाळपर्यंत दुरुस्त होण्याजोगा कन्सोल कायमचा निकामी होतो. या सगळ्यात चूक असते ती क्रमाची. कन्सोल दुसरा मिळू शकतो, पण ओरखडे पडलेली डिस्क पूर्ववत होत नाही आणि पुसले गेलेले सेव्ह, म्हणजे गेममधल्या प्रगतीच्या साठवलेल्या नोंदी, परत येत नाहीत. म्हणून जी वस्तू गेली तर परत मिळणार नाही, ती सर्वांत शेवटी पणाला लावावी. खालचे सर्व टप्पे याच हिशेबाने मांडले आहेत आणि ते त्याच क्रमाने करावेत.

## पूर्वतयारी

कामाला बसण्यापूर्वी पुढील वस्तू जवळ ठेवाव्यात: मऊ मायक्रोफायबर कापड, कापसाच्या काड्या, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारे नव्वद टक्क्यांहून अधिक शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगकामाचा कोरा मऊ ब्रश, एक चांगला टॉर्च आणि एक जास्तीचे मेमरी कार्ड. अल्कोहोलऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नये, कारण त्यात बहुधा ग्लिसरीनसारखे पदार्थ असतात आणि ते लेन्सवर धूसर थर सोडतात. अत्तर, टर्पेंटाइन आणि नेलपॉलिश काढायचे द्रावण यांचाही विचार करू नये.

यांखेरीज एक ‘बळीची’ डिस्क लागेल, म्हणजे जिच्यावर ओरखडा आला तरी वाईट वाटणार नाही अशी, पण मूळ आणि चांगल्या स्थितीतली डिस्क. मूळ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे चिप बसवलेले कन्सोल आणि कॉपी केलेल्या डिस्क सर्रास चालत. अशी कॉपी चिप नसलेल्या कन्सोलमध्ये चालली नाही, तर त्यावरून लेन्सबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पॅल (भारत आणि युरोपात चालणारी टीव्ही पद्धत) विभागाच्या मूळ डिस्कवर एसएलईएस किंवा एससीईएस या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो.

## टप्पा १: मॉडेल आणि वीज

कन्सोलवरील पट्टीवर एससीपीएच या अक्षरांनंतरचा क्रमांक वाचावा. १०००० पासून ५०००० पर्यंतच्या मालिका म्हणजे जाड, ज्यांना सगळे ‘फॅट’ म्हणतात ते, आणि ७०००० पासून पुढचे ‘स्लिम’. फॅटमध्ये डिस्कचा ट्रे बाहेर येतो, तर स्लिमचे झाकण वर उघडते. फॅटचा वीजपुरवठा आतच असतो आणि त्याला दोन पिनांची साधी रेडिओची वायर लागते. स्लिमच्या ७०००० ते ७९००० या मालिकांना बाहेरचा ८.५ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, आणि शेवटच्या ९०००० मालिकेत वीजपुरवठा पुन्हा आत गेला.

आता त्याच पट्टीवर किंवा अडॅप्टरवर ‘इनपुट’पुढे किती व्होल्ट लिहिले आहेत ते पाहावे. ज्यांचा कन्सोल मामा-काकांनी अमेरिकेहून आणलेला आहे, त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. अमेरिकी फॅट १२० व्होल्टवर चालतो आणि जपानी १०० व्होल्टवर. तो आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावल्यास फ्यूज आणि त्यामागचा वीजपुरवठा क्षणात जळतो. अशा कन्सोलला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लावावाच लागतो.

इशारा: स्लिमचा अडॅप्टर हरवला असल्यास स्पीकरचा किंवा राउटरचा बारा व्होल्टचा अडॅप्टर ‘पिन बसते आहे’ म्हणून लावू नये. पिन बसली म्हणजे व्होल्टेज जुळले असे होत नाही.

## टप्पा २: डिस्क न घालता पहिली सुरुवात

कन्सोल पावसाळाभर माळ्यावर किंवा बंद कपाटात असेल, तर खोक्यातून काढल्यावर कोरड्या, हवेशीर खोलीत एक दिवस तसाच ठेवावा. पंख्याच्या जाळीवरची धूळ कोरड्या ब्रशने काढावी. व्हॅक्यूम क्लीनरचे तोंड जाळीला लावून पंखा गरागरा फिरू देऊ नये.

टीव्हीला जोडण्यासाठी या घडीला मूळची पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोकांची वायरच वापरावी. एचडीएमआयचा डबीसारखा कन्व्हर्टर घेतला असला, तरी तो टप्पा ७ पर्यंत बाजूला ठेवावा. मेमरी कार्डही अजून लावू नये. फॅटच्या मागचा मुख्य स्विच चालू केल्यावर पुढे लाल दिवा लागतो आणि पुढचे बटण दाबल्यावर तो हिरवा होतो. मागचा स्विच विसरून ‘कन्सोल मेला’ असे ठरवणारे लोक मी पाहिले आहेत.

डिस्क नसल्यास पडद्यावर ब्राउझर आणि सिस्टीम कॉन्फिगरेशन असे दोन पर्याय दिसतात. तिथे पोहोचल्यावर कन्सोल पंधरा-वीस मिनिटे तसाच चालू ठेवावा.

तपासणी: पंखा एकसारखा फिरतो का? जळका वास येतो का? चित्र स्थिर आहे का? वास आल्यास लगेच वायर काढावी आणि पुढचा एकही टप्पा करू नये.

या वेळी तारीख आणि वेळ चुकीची दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. आतली सीआर२०३२ ही नाण्यासारखी बॅटरी संपलेली असते, इतकेच. ती गेली म्हणजे सेव्ह गेले असा एक पक्का गैरसमज आहे. सेव्ह मेमरी कार्डात असतात आणि त्यांना बॅटरी लागत नाही. काही मॉडेलांत ही बॅटरी खाचेत बसवलेली असते, काहींत तिला वायर जोडलेली असते. वायरवाली असेल तर जोडणीसह तयार मिळणारीच आणावी. नाण्यावर थेट सोल्डरिंग करू नये, कारण तापून ती फुटू शकते.

## टप्पा ३: मेमरी कार्ड वाचवणे

हा टप्पा लोक सर्वांत जास्त वेळा गाळतात, आणि सर्वांत जास्त हळहळ याच्यावरच होते.

सोनीचे मूळ कार्ड ८ एमबीचे आहे. आधी कार्ड कन्सोलबाहेर असतानाच त्याची सोनेरी टोके पाहावीत. ती काळवंडलेली असल्यास कापसाची काडी अल्कोहोलमध्ये किंचित ओली करून आत-बाहेर अशी एकाच रेषेत फिरवावी आणि पंधरा मिनिटे वाळू द्यावे. शाळेच्या खोडरबराने टोके घासण्याची जुनी युक्ती इथे करू नये, कारण रबराचे कण खाचेत अडकतात.

त्यानंतर कन्सोल बंद असताना कार्ड पहिल्या खाचेत बसवावे आणि मगच कन्सोल सुरू करावा. सुरुवातीच्या अंधाऱ्या पडद्यावर जे चौकोनी मनोरे उभे दिसतात, ते निव्वळ सजावट नाहीत. कार्डात नोंदलेल्या खेळांच्या इतिहासावरून ते उभे राहतात. जो गेम जास्त वेळा सुरू केला असेल, त्याचा मनोरा उंच. म्हणून मनोरे दिसले की कार्ड वाचले जात आहे हे ब्राउझर उघडण्याआधीच कळते. मनोरे न दिसल्यास मात्र कार्ड खराब आहे असे लगेच मानू नये.

आता ब्राउझरमध्ये जाऊन कार्डावरील चिन्हे पाहावीत. दुसऱ्या खाचेत जास्तीचे कार्ड लावून एकेक सेव्ह निवडावा आणि कॉपी करावा. हे काम संथ चालते. ते चालू असताना कार्ड ओढणे, रीसेट दाबणे किंवा वायरला धक्का लावणे यांपैकी काहीही झाले, तर तो सेव्ह तर जातोच, कधीकधी सगळे कार्ड बिघडते. काही गेमचे सेव्ह मुळातच कॉपी होऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी मूळ कार्ड जपण्यावाचून मार्ग नाही. पेनड्राइव्ह लावून उपयोग होत नाही, कारण कन्सोलचा स्वतःचा ब्राउझर त्यावर सेव्ह कॉपी करत नाही.

जास्तीचे कार्ड घेताना मोठ्या आकड्याला भुलू नये. अनोळखी बनावटीची ६४ किंवा १२८ एमबीची कार्डे काही गेमना ओळखू येत नाहीत आणि अर्ध्या वाटेत दगा देतात. तसेच पहिल्या प्लेस्टेशनचे, म्हणजे काळ्या पाठीच्या डिस्कचे गेम या कन्सोलवर चालत असले, तरी त्यांचे सेव्ह खेळताना वापरायला पहिल्याच प्लेस्टेशनचे कार्ड लागते. ते सेव्ह नव्या कार्डावर नुसते साठवून ठेवता येतात.

इशारा: ‘कार्ड फॉरमॅट केलेले नाही, फॉरमॅट करायचे का?’ असा प्रश्न आल्यास उत्तर नेहमी ‘नाही’ असावे. टोकांवर मळ असला तरी हाच प्रश्न येतो. सॅन अँड्रियास या गेमच्या माझ्या सेव्हचा शेवट असाच झाला. भाच्याच्या हातात रिमोट (म्हणजे गेम खेळायचा कंट्रोलर) होता, प्रश्न इंग्रजीत होता आणि पुढे जायचे म्हणजे क्रॉसचे बटण दाबायचे हे त्याला पाठ होते. कार्डात बिघाड नव्हताच. नंतर टोके पुसल्यावर ते उत्तम चालले, फक्त रिकामे.

## टप्पा ४: डिस्कची पारख आणि धुलाई

सर्व डिस्क एकदम काढून पसरू नयेत. एक डिस्क काढावी, पाहावी, धुवावी, वाळवावी, डबीत ठेवावी आणि मग पुढची घ्यावी.

आधी पाठीचा रंग पाहावा. निळी पाठ असेल तर ती सीडी आहे आणि चंदेरी असेल तर डीव्हीडी. हा फरक पुढच्या टप्प्यात निदानाला उपयोगी पडतो आणि डिस्क हाताळतानाही लक्षात ठेवावा लागतो. डीव्हीडीत माहितीचा थर प्लॅस्टिकच्या दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो. सीडीत तो चित्राच्या बाजूला, छपाईच्या अगदी खाली असतो. त्यामुळे निळ्या डिस्कच्या पाठीवरचा हलका ओरखडा बहुधा सोसतो, पण तिच्या चित्राच्या बाजूला पडलेला खोल चरा माहितीच खरवडून नेतो. डिस्क दिव्यासमोर धरून पाहावी. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर त्या जागची माहिती गेलेली आहे आणि कितीही धुतले तरी ती परत येणार नाही.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे बुरशी. टॉर्च तिरका धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी फिकट नक्षी दिसली तर ती बुरशी समजावी. अशी डिस्क न धुता कन्सोलमध्ये घालू नये.

धुण्याची रीत सोपी आहे. कोमट पाण्याखाली डिस्क धरून आधी नुसती धूळ वाहू द्यावी, कारण धूळ असतानाच कापड फिरवले तर तीच धूळ पॉलिश पेपरचे काम करते. मग भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटाच्या गादीवर घेऊन मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावा. शेवटी धुऊन मऊ कापडाने टिपून घ्यावे. दिशा सरळच का, तर डिस्कवरची माहिती गोलाकार मार्गावर लिहिलेली असते. आडव्या चऱ्यापाशी यंत्राला क्षणभराची तूट भरून काढता येते. मार्गाच्या दिशेने पडलेला गोल ओरखडा मात्र सलग खूप मजकूर खातो.

टूथपेस्ट हा शेवटचा उपाय आहे आणि तो खरे तर उपायही नाही. ती पृष्ठभाग घासून झिजवते. उथळ ओरखडा त्याने बुजल्यासारखा होतो, पण उत्साहाच्या भरात सगळी पाठ दुधी करून ठेवणारे अधिक. जो गेम दुसरीकडे सहज मिळतो, त्याच्यावरच हा प्रयोग करावा.

तपासणी: डिस्कच्या मधल्या भोकाभोवती ओल राहिली आहे का, हे बोट लावून पाहावे. ओली डिस्क फिरताना पाणी थेट लेन्सवर उडवते.

## टप्पा ५: चाचणीची उतरंड

आता बळीची डिस्क घालावी. स्लिम असेल तर तीस सेकंद फिरू देऊन, कन्सोल बंद करून, डिस्क पूर्ण थांबल्यावर बाहेर काढावी आणि पाठ पुन्हा टॉर्चखाली पाहावी. ७०००० मालिकेच्या काही कन्सोलमध्ये लेन्सची चपटी केबल वर उचलली जाऊन डिस्कला घासते आणि नेमके वर्तुळ कोरते. वर्तुळ दिसले तर पुढे एकही डिस्क घालू नये. केबल बसवून घेणे हे दुकानाचे काम आहे.

वर्तुळ नसेल तर चाचणी अशी पुढे न्यावी: निळ्या पाठीची डिस्क, मग साधी चंदेरी डिस्क आणि शेवटी दोन थरांची डीव्हीडी. ग्रॅन टुरिस्मो ४ आणि गॉड ऑफ वॉर २ हे दोन थरांचे गेम आहेत. थकलेल्या लेन्सला ते सर्वांत जड जातात, आणि नेमके तेच लोक आधी घालतात.

निकाल असा वाचावा. सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, किंवा याच्या उलट, असे असेल तर दोष बहुधा लेसरचा आहे, कारण या दोन प्रकारांसाठी तो वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश वापरतो. दोन्ही प्रकार अडखळत असतील तर आधी लेन्सवरच्या मळाचा संशय घ्यावा. एकच गेम एकाच ठिकाणी, समजा क्रिकेट ०७ दर वेळी सामना सुरू होतानाच, थांबत असेल आणि बाकीचे गेम सुरळीत चालत असतील, तर दोष डिस्कचा. तीच डिस्क दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल, तर दोष कन्सोलचा.

कन्सोल उघडण्याआधी आणखी एक सोय वापरून पाहावी. डिस्क नसताना मुख्य पडद्यावर त्रिकोणाचे बटण दाबले की आवृत्तीची माहिती उघडते. तिथे कन्सोल या ओळीत शिरल्यावर डायग्नोसिस नावाचा पर्याय आहे. तो चालू केल्यास कन्सोल डिस्क वाचण्याची जुळवणी नव्याने करतो. काठावरची डिस्क कधीकधी एवढ्यानेच चालते. कन्सोल बंद केला की हा पर्याय पुन्हा बंद होतो.

इशारा: डिस्क फिरत असताना कन्सोल आडव्याचा उभा किंवा उभ्याचा आडवा करू नये. असे एकदाच केले तरी डिस्कवर खोल वर्तुळ पडू शकते.

## टप्पा ६: लेन्सची सफाई, गरज असेल तरच

टप्पा ५ मध्ये सर्व डिस्क चालल्या असतील तर हा टप्पा सरळ सोडून द्यावा. चालणाऱ्या लेन्सला हात लावण्यात शहाणपण नाही.

स्लिममध्ये वायर काढून झाकण उघडले की लेन्स समोरच दिसते. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून झटकावी, लेन्सवर दाब न देता मध्यापासून बाहेर एकदा फिरवावी, मग कोरडी काडी तशीच फिरवावी. लेन्स नाजूक तारांवर तरंगत असते. ती खाली दाबली जाईल इतका जोर म्हणजे फार झाला. झाकण दहा मिनिटे उघडे ठेवून वाळू द्यावे.

फॅटमध्ये लेन्सपर्यंत जाण्यासाठी तळाच्या रबरी आणि प्लॅस्टिकच्या टोप्या काढून त्यांखालचे स्क्रू सोडवावे लागतात, वरचे आवरण उचलावे लागते आणि मग ड्राइव्हच्या झाकणाचे चार छोटे स्क्रू काढावे लागतात. आवरण उचलताना पुढच्या बटणाकडे गेलेली चपटी केबल ताणली जाते आणि बहुतेकांची पहिली फजिती तिथेच होते. हळू उचलावे, केबल कुठून कुठे जाते याचा मोबाइलवर फोटो काढावा आणि मगच पुढे जावे. पूर्वी काहीच उघडले नसेल, तर फॅट दुरुस्तीवाल्याकडे द्यावा हे माझे स्पष्ट मत आहे.

लेन्स ज्या दांड्यांवरून सरकते त्या कोरड्या पडल्या असल्यास जुने वंगण पुसून पांढऱ्या ग्रीसचा अगदी पुसट हात द्यावा. खोबरेल तेल थंडीत थिजते आणि शिलाई मशीनचे तेल ओघळून लेन्सवर येते. दोन्ही टाळावीत.

इशारा: लेसरचा जोर वाढवणारा बारीक स्क्रू फिरवण्याचे व्हिडिओ पाहून तसे करू नये. त्याने डिस्क काही दिवस धडाधड चालतात आणि मग लेसर कायमचा जातो. झाकणाचा स्विच दाबून धरून चालू लेन्समध्ये डोकावू नये, डोळ्याला इजा होते.

## टप्पा ७: नव्या टीव्हीला जोडणे

नव्या टीव्हीवर पिवळ्या वायरीने चित्र पुसट दिसते, हा कन्सोलचा दोष नाही. सुधारणेचे दोन मार्ग आहेत: पाच टोकांची कंपोनंट वायर, किंवा मागच्या एव्ही खाचेत बसणारा एचडीएमआय कन्व्हर्टर. दोन्हींपूर्वी, पिवळी वायर जोडलेली असतानाच, सिस्टीम कॉन्फिगरेशनमध्ये जाऊन कंपोनंट व्हिडिओ आऊट हा पर्याय आरजीबीवरून वाय-सीबी-सीआर असा बदलावा. हे आधी न केल्यास नव्या वायरीवर हिरवट-गुलाबी चित्र येते किंवा काहीच दिसत नाही, आणि मग लोक चांगला कन्व्हर्टर दुकानदाराला परत करतात. कन्व्हर्टरला वेगळी वीज लागते. ती कन्सोलच्याच यूएसबी खाचेतून देता येते.

टीव्हीला पिवळ्या वायरीची तीन भोके नसून एकच छोटे गोल भोक असेल, तर त्या टीव्हीसोबत आलेलीच जोडवायर वापरावी. दिसायला सारख्या वायरींत आतली जोडणी वेगळी असते आणि चित्राऐवजी घरघर ऐकू येते.

त्यानंतर टीव्हीवर गेम मोड लावावा आणि चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे. टेक्केन ५ मध्ये बटण दाबल्यानंतर ठोसा उशिरा बसतो असे वाटत असेल, तर बहुधा गेम मोड बंद असतो. पॅल गेम सुरुवातीला ५० की ६० हर्ट्झ विचारत असेल, तर ६० निवडावे. गेममधला प्रोग्रेसिव्ह स्कॅनचा पर्याय पिवळी वायर असताना चालू करू नये, पडदा काळा होतो. बंदुकीचे गेम, जसे टाइम क्रायसिस २, मूळ बंदुकीने एलसीडी पडद्यावर चालत नाहीत. त्यांना जुना काचेच्या नळीचा टीव्हीच लागतो.

## टप्पा ८: रिमोट

रिमोट जोडून कन्सोल सुरू करताना दोन्ही अंगठे रिमोटवरच्या कलणाऱ्या काड्यांवरून उचललेले असावेत. बटणे अडखळत असतील, तर मागचे स्क्रू काढून आतली रबरी गादी आणि तिच्याखालची पातळ फिल्म अल्कोहोलने हलकेच पुसावी.

स्वस्त नकली रिमोट घेण्यापूर्वी एवढे लक्षात ठेवावे की मूळ ड्युअलशॉक २ ची बटणे दाब ओळखतात. ग्रॅन टुरिस्मोमध्ये क्रॉस अर्धवट दाबून अर्धा वेग घेता येतो. बऱ्याच नकली रिमोटवर तेच बटण एकतर पूर्ण वेग देते किंवा काहीच देत नाही.

## टप्पा ९: आता आवडती डिस्क

ती घालावी, पण मूळ कार्ड बाहेर काढून कॉपी केलेले कार्ड लावूनच. जुना सेव्ह उघडून, थोडे खेळून पुन्हा सेव्ह करावा, कन्सोल बंद करून पुन्हा सुरू करावा आणि नवा सेव्ह उघडतो का ते पाहावे. तो उघडला तर मूळ कार्ड डबीत ठेवून द्यायला हरकत नाही. खेळ संपल्यावर हिरवा दिवा लाल होईपर्यंत बटण दाबून धरावे, मग वायर काढावी, डिस्क आत न ठेवता तिच्या डबीत ठेवावी आणि पावसाळ्यात त्या डब्यांशेजारी सिलिका जेलच्या चार पुड्या टाकाव्यात.